मनीषनगरच्या ताईंना: गिअरवाली की ऑटोमॅटिक?

नागपूरच्या मनीषनगरहून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानांचं आहे म्हणून थोडक्यात सांगते. वय ४७, शाळेत शिक्षिका, शाळा त्रिमूर्तीनगरला. कारचं लायसन्स काढून ६ वर्षं झाली, ड्रायव्हिंग स्कूल दोनदा लावून झालं, पण अजूनही सगळीकडे ॲक्टिव्हानेच जातात. मिस्टर बुटीबोरी एमआयडीसीत, ते कंपनीच्या बसने जातात, त्यामुळे जुनी गिअरवाली गाडी आठवड्यातले सहा दिवस खाली पार्किंगमध्ये उभी. घरी ७६ वर्षांच्या सासूबाई, त्यांना आठवड्यातून दोनदा धंतोलीला फिजिओथेरपीला न्यायचं असतं आणि तेही ऑटोने. मागच्या वर्षी ताई एकदा हिंमत करून गाडी घेऊन निघाल्या, मिस्टर बाजूला, मनीषनगरच्या उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं, आणि निघताना गाडी मागे सरकली, बंद पडली, मागून हॉर्न, बाजूने मिस्टरांचा आवाज, तेव्हापासून स्टिअरिंगला हात नाही. आता जुनी गाडी देऊन नवीन घ्यायचं चाललंय, बजेट ९ लाख ऑन रोड. पुण्याची मुलगी म्हणते ऑटोमॅटिकच घ्या. मिस्टर कागदावर हिशोब मांडून म्हणतात की ऑटोमॅटिकची किंमत जास्त, ॲव्हरेज देत नाही, मेंटेनन्स महाग, आणि "आधी गिअरवाली तर नीट जमू दे, मग पाहू". आणि ताईंनी शेवटी विचारलंय, "मला गिअर जमत नाही म्हणून ऑटोमॅटिक मागणं ही पळवाट आहे का?"

ताई, नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच अडून आहे.

तुम्ही रोज जी ॲक्टिव्हा चालवता ना, ती ऑटोमॅटिकच आहे. तिच्यात बेल्ट आणि पुलीचा सीव्हीटी गिअरबॉक्स आहे, मोठ्या गाड्यांमध्ये जो महागडा म्हणून विकतात त्याच जातीचा. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं त्याच उड्डाणपुलावरून, त्याच चढावरून, त्याच ट्रॅफिकमध्ये, पावसात, मे महिन्याच्या उन्हात तोंडाला स्कार्फ बांधून ऑटोमॅटिक गाडी चालवून राहिल्या आणि एकदाही मागे सरकल्या नाहीत. तेव्हा तुम्हाला कोणी म्हटलं का की आधी डाव्या हाताच्या गिअरची चेतक नीट जमू दे, मग ॲक्टिव्हा घेऊ? १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली, आणि आपल्याकडच्या किती बाया त्यानंतर घराबाहेर स्वतःच्या गाडीवर निघाल्या ते तुमच्या-माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलंय. त्याला कोणी पळवाट म्हटलं नाही, आणि म्हणायला नकोच होतं. कारचंही तसंच. कायद्यात पण दुचाकीला विनागिअर आणि गिअरवाली असं वेगळं लायसन्स असतं, कारच्या साध्या लायसन्सला तसा काही फरकच नाहीये, तुमचं जे आहे त्यावर दोन्ही चालतात.

आणि तुम्हाला रस्ता वाचता येतो, ऑटोवाला कधी वळणार ते कळतं, व्हेरायटी चौकात सिग्नल सुटल्यावर कोण कुठून घुसेल त्याचा अंदाज आहे. ड्रायव्हिंगमध्ये अवघड भाग हाच असतो. राहिला तो फक्त डावा पाय, आणि तो रिकामा करून देणारी गाडी बाजारात मिळते.

बरं, आता भाऊजींचं म्हणणं. ते चुकीचे माणूस आहेत असं मला मुळीच वाटत नाही, त्यांनी गाडी शिकली त्या काळात त्यांचं म्हणणं खरंच होतं, जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक पेट्रोल प्यायच्या आणि सर्व्हिसिंगला माणूस शोधावा लागायचा. पण २०१४ मध्ये सेलेरिओ आली ना, तिच्यासोबत आपल्याकडच्या लहान गाड्यांमध्ये एएमटी आली आणि तिथून सगळं बदललं. एएमटी म्हणजे काय, तर गिअरबॉक्स तोच मॅन्युअलवाला, क्लच प्लेट पण तीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक छोटी यंत्रणा करते आणि कॉम्प्युटर तिला सांगतो कधी करायचं. म्हणून ॲव्हरेज जवळपास सारखंच पडतं. २०२४ ची नवीन स्विफ्ट घ्या, कंपनीचा आकडा मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५ आहे, म्हणजे कागदावर तर एएमटीच पुढे. शहरात एवढं कोणालाच मिळत नाही, ना याला ना त्याला, पण "ऑटोमॅटिक पेट्रोल पिते" हे या गाड्यांना लागू होत नाही एवढं भाऊजींना हा आकडा दाखवून सांगा.

किमतीचं मात्र ते बरोबर बोलून राहिले. एएमटीला त्याच मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजार जास्त लागतात, आणि हे एक्स शोरूम, त्यावर महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी साडेपाच हजार, इन्शुरन्स थोडा वाढतो ते वेगळं. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे महागडे प्रकार घ्यायला गेलात तर फरक लाखाच्या वर जातो. पण भाऊजींनी हिशोबाचा कागद कधी बनवला ते पण बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, कागद त्याआधीचा असेल तर फाडून नवीन कोटेशन घ्या. आणि दुसऱ्या बाजूला लिहा की सासूबाईंच्या धंतोलीच्या एका बाजूच्या ऑटोचे किती देता, गुणिले महिन्याच्या १६ फेऱ्या. मी आकडा सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

मेंटेनन्समध्ये एक गोष्ट खरी आहे. रोजच्या सर्व्हिसिंगला एएमटीत फारसा फरक पडत नाही, पण ती क्लच दाबणारी यंत्रणा वॉरंटी संपल्यावर बिघडली तर मोठा खर्च येतो. म्हणून एक्स्टेंडेड वॉरंटी घ्याच, सीट कव्हर आणि व्हील कॅपवर पैसे घालवू नका, ते पैसे इकडे टाका.

तुमच्या ९ लाखांत हाताशी येईल ती मुख्यतः एएमटीच, वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, टियागो, पंच, एक्स्टर या सगळ्यांत मिळते. म्हणून तिच्याबद्दल जे शोरूममध्ये सांगत नाहीत ते मी जास्त सांगते.

तुमची भीती चढाची आहे, बरोबर? तर ऐका, नुसती एएमटी घेतली म्हणजे गाडी चढावर मागे सरकणार नाही असं नाहीये! आतमध्ये क्लच तोच असल्यामुळे ब्रेकवरून पाय उचलला की तो क्लच पकडायला क्षणभर वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात गाडी चढावर मागे येते, अगदी तुमच्या जुन्या गाडीसारखीच. हे कोणी आधी सांगितलं नसेल आणि नवीन गाडीत पहिल्याच आठवड्यात त्याच पुलावर तेच झालं तर तुम्ही पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही, मला हीच काळजी आहे. यावर उपाय म्हणजे हिल होल्ड. ब्रेक सोडल्यावर ते साधारण दोन सेकंद गाडी जागच्या जागी धरून ठेवतं, तेवढ्यात तुमचा पाय आरामात ॲक्सिलेटरवर जातो. तेव्हा ब्रोशरमध्ये तुमच्या व्हेरियंटच्या रकान्यात हिल होल्ड लिहिलंय का ते स्वतः बोट ठेवून वाचा. "मॅडम सगळ्यांत असतं" यावर जाऊ नका. मी २०२१ मध्ये गाडी घ्यायला गेले तेव्हा एका शोरूममधल्या मुलाने मला असंच छातीठोक सांगितलं होतं आणि टेस्ट ड्राइव्हला सरळ सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर नेऊन आणलं. मी म्हटलं चढावर घ्या, तर तो म्हणे आमचा रूट ठरलेला आहे. अडून बसले तेव्हा नेलं, गाडी हातभर मागे आली, आणि मग ब्रोशर नीट वाचल्यावर कळलं की त्या व्हेरियंटला हिल होल्ड नव्हतंच, वरच्याला होतं. तिथून मी गाडी घेतली नाही.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह तुमच्या पद्धतीने घ्या. चालू उड्डाणपुलावर मुद्दाम थांबू नका, ते धोक्याचं आहे, त्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या बिल्डिंगच्या बेसमेंटचा रॅम्प बघा, तो पुलापेक्षा जास्त खडा असतो आणि मागे कोणी नसतं. भर दुपारी जा, एसी फुल, गाडीत चार माणसं, आणि त्या रॅम्पच्या मध्ये पूर्ण थांबून पुन्हा निघा. तीनदा करा. तिन्ही वेळा गाडी जागची हलली नाही तर निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट, एएमटी गिअर बदलताना किंचित दम खाते, मान पुढे गेल्यासारखी वाटते. पहिल्या दिवशी वाटतं गाडीत काही बिघाड आहे. बिघाड नाहीये, गिअर बदलायच्या वेळी ॲक्सिलेटर जरा हलका केला की ते जवळपास नाहीसं होतं, आठ-दहा दिवसांत पाय आपोआप शिकतो. सीव्हीटीत हे नसतं, ती एकदम लोण्यासारखी चालते, शहरासाठी माझी स्वतःची आवड तीच आहे, बजेट लाख-दीड लाखाने वाढत असेल तर एकदा चालवून जरूर बघा, पण त्यासाठी कर्ज वाढवा असं मी म्हणणार नाही. डीसीटीच्या, म्हणजे दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकच्या, वाटेला जाऊ नका. ती हायवेला मस्त पण आपल्या ४५ डिग्रीत बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये ड्राय क्लचवाली असेल तर तापते, आणि तुमचं चालवणं सगळं बर्डी, धंतोली, त्रिमूर्तीनगर एवढंच आहे.

तापण्यावरून आठवलं, हे एएमटीला पण लागू आहे. चढावर ट्रॅफिक थांबलं की बरेच जण ब्रेक न दाबता ॲक्सिलेटर थोडा थोडा देऊन गाडी तिथेच तोलून धरतात. असं करायचं नाही. आत क्लच घासत राहतो, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तर वास यायला वेळ लागत नाही. थांबायचं म्हणजे ब्रेक, बस. आणि सिग्नल लांब असेल, लोकमत चौकासारखा, तर एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, टाकून हँडब्रेक.

डाव्या पायाचं काय करायचं? काहीच नाही. तो डावीकडे सपाट ठेवून द्यायचा आणि विसरायचा. ब्रेकही उजव्याच पायाने आणि ॲक्सिलेटरही उजव्याच पायाने. गिअरवाल्या गाडीवर शिकलेल्या माणसाचा डावा पाय पहिल्या दिवशी क्लच शोधतो आणि चुकून ब्रेकवर जोरात पडतो, मागचा येऊन ठोकतो. तुम्ही गिअरवाली फार चालवली नाही याचा इथे उलट फायदाच आहे.

पार्किंगचं मी फार कळकळीने सांगते कारण मी स्वतः घाबरलेली आहे. बहुतेक एएमटीत पी, म्हणजे गाडी उभी करायचा पार्क गिअर, नसतो, आर (रिव्हर्स), एन, डी (ड्राइव्ह) आणि एम (मॅन्युअल) एवढंच असतं. गाडी घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात आम्ही रामटेकला गेलो होतो, गडावर पार्किंगच्या उतारावर मी एनमध्ये गाडी ठेवली, हँडब्रेक अर्धाच ओढला आणि उतरले, आणि गाडी हळूच सरकायला लागली. मिस्टरांनी दार उघडून हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं, खाली लहान मुलं खेळून राहिली होती. त्या दिवसापासून माझा नियम: ब्रेक दाबलेला ठेवून हँडब्रेक पूर्ण, मग गिअर डी किंवा आरमध्ये, मग गाडी बंद, आणि सगळ्यात शेवटी ब्रेक सोडायचा. सकाळी चालू करताना ब्रेक दाबून एनमध्ये आणायचं आणि मगच स्टार्ट. हे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, महिनाभर राहू द्या.

आता कोणाला मी मॅन्युअल सांगितली असती ते पण बोलते, म्हणजे भाऊजींना वाटायला नको की मी एकतर्फी आहे. भाऊजी रोज स्वतः गाडी घेऊन बुटीबोरीला जात असते, किंवा तुमचं सारखं चिखलदऱ्याच्या घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन जाणं असतं, दोन पदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करणं असतं, तर गिअर आपल्या हातात असण्याचा खरोखर उपयोग होतो, एएमटी अशा वेळी विचार करत बसते. तिच्यात एम मोड असतो, घाट उतरताना त्यात दुसऱ्या गिअरवर आणता येते म्हणजे ब्रेकवर सगळा भार येत नाही, पण ते मॅन्युअलइतकं चोख नाही हे मान्य. पण तुमच्या पत्रात लिहिलंय की चिखलदऱ्याला शेवटचं चार वर्षांपूर्वी गेलात. समृद्धीवर शिर्डीला गेलात तरी शिवमडक्याला चढल्यावर सगळा सरळ रस्ता, मर्यादा १२०, तिथे गिअर बदलायची वेळच येत नाही. आणि तुमच्या मुलीला मात्र मी म्हणेन की गिअरवालीवर शिक, वय लहान आहे, कोणाचीही गाडी चालवता येते.

म्हणजे भाऊजी रविवारी एक दिवस चालवणार आणि तुम्ही सहा दिवस. त्यांना ऑटोमॅटिक चालवायला काहीच अडचण नाही, एका दुपारी जमेल. तुम्हाला गिअरवाली सहा वर्षांत जमली नाही, म्हणजे आज गिअरवाली घेतली तर ती पण खाली पार्किंगमध्ये उभी राहील आणि तुम्ही सासूबाईंना घेऊन भर उन्हात ऑटोवाल्याला हात करत उभ्या राहाल. सात-आठ लाखांची गाडी खाली उभी आणि ७६ वर्षांची बाई वर रस्त्यावर उभी, मला हे पाहवत नाही ताई. तेव्हा घ्या एएमटी, हिल होल्डवाली, आणि भाऊजींना हे पत्र वाचायला द्या, रागावून देऊ नका, चहाच्या वेळी द्या.

इलेक्ट्रिकचं तुम्ही ओझरतं विचारलंय. तिला गिअरच नसतात, चालवायला सगळ्यात सोपी तीच, पण तुम्ही लिहिलंय की पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट घ्यायला सोसायटी परवानगी देत नाहीये. ते झाल्याशिवाय नको, रोज बाहेर चार्ज करत फिरणं तुमच्याने शाळा सांभाळून होणार नाही.

गाडी आल्यावर पहिले दोन आठवडे धंतोलीला जाऊ नका, तिथे पार्किंगलाच जीव जातो. सकाळी साडेसहाला निघा, शाळेचाच रस्ता धरा, रिंग रोडवरून जाऊन परत. ड्रायव्हिंग स्कूल तिसऱ्यांदा लावायचं असेल तर पाच दिवसांसाठी एखादी शिकवणारी बाई बघा जी तुमच्याच गाडीवर बसून शिकवेल. मग एका रविवारी सकाळी, ट्रॅफिक नसताना, तोच मनीषनगरचा पूल, जाऊन येऊन चारदा. त्या दिवशी पुढे बाजूच्या सीटवर सासूबाईंना बसवा, त्या काही बोलणार नाहीत असं तुमच्या पत्रावरून वाटतं, आणि भाऊजींना मागे.